ल्युपसमधलं कोलेस्टेरॉल समजावून सांगणाऱ्या मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मला ल्युपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार. माझा लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट पाहून तुम्ही 'काय खाता?' असं विचारलं नाहीत. आधी लघवीतल्या प्रोटीनचा आकडा पाहिलात, मग स्टेरॉइडचा डोस विचारलात. त्याबद्दल मनापासून आभार. तोवर ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक चरबी) वाढले की जो तो मला तोंडावर ताबा ठेवायला सांगायचा. भूक मेलेली असतानाही घास घेताना अपराधी वाटायचं.

रिपोर्टच्या कोऱ्या पाठीवर तुम्ही पेनानं रक्तवाहिनी काढलीत, आतल्या भिंतीला ठिपके दिलेत. हे लायपोप्रोटीन लायपेज, रक्तातली चरबी फोडून पेशींना देणारं एन्झाइम. ल्युपस भडकला की टीएनएफ-अल्फासारखी दाहक रसायनं त्याचं काम मंदावतात. काही रुग्णांचं शरीर तर त्याच्याविरुद्धच अँटिबॉडी बनवतं. मग ट्रायग्लिसराइड्स आणि ते वाहून नेणारे व्हीएलडीएल कण रक्तातच साचतात, एचडीएल उतरतं. त्यात प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची भर. मूत्रपिंडातून बरंच प्रोटीन जात असेल, तर एलडीएल, म्हणजे 'वाईट कोलेस्टेरॉल'ही चढतं. मला सर्वांत नवल वाटलं ते एचडीएलचं. ज्याला आपण 'चांगलं कोलेस्टेरॉल' म्हणतो, तेच सततच्या दाहात रक्षणाचा गुण गमावून उलट दाहाला हातभार लावू शकतं!

तुम्ही घाबरवलं नाहीत, पण काही लपवलंही नाहीत. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ३५ ते ४४ वयाच्या ल्युपसग्रस्त स्त्रियांना हार्ट अटॅकचा धोका त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या ५० पटींहून जास्त आढळला होता. लगेच हेही सांगितलंत, की या वयात मुळात धोकाच फार कमी असतो, म्हणून पट एवढी मोठी दिसते. हे दुसरं वाक्य नसतं, तर मला झोप लागली नसती.

सांधे दुखायचे थांबल्यावर हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन ही ल्युपसची गोळी कशाला, या माझ्या प्रश्नालाही तुम्ही वेळ दिलात. ती आजार आटोक्यात ठेवतेच, लिपिडलाही थोडी मदत करते. फक्त डोळ्यांची तपासणी चुकवायची नाही. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, मात्र ल्युपस आहे म्हणून सरसकट नाही, एलडीएल, बीपी, किडनी असं सगळं बघून ठरवू, म्हणालात. स्टेरॉइड हळूहळू उतरवायचं तुम्ही ठरवलंत, ते मला सर्वांत पटलं.

हे पत्र जाहीर लिहिते आहे ते माझ्यासारखीच जाड फाइल सांभाळणाऱ्यांसाठी. फाइलमध्ये लिपिड प्रोफाइल नसेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना जरूर विचारा.

तुमची कृतज्ञ,
एक पेशंट