बेंटोनियाहून परतल्यावर

जॅक्सन, मिसिसिपी
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन आठ दिवस झाले. शुक्रवारचा कार्यक्रम बंद झाला, त्या हॉटेलवाल्याने तीन महिन्यांची बिदागी बुडवली, आणि आता गिटार विकून कायमची नोकरी धरावी, असे तू लिहिले आहेस. मी त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो होतो, पण जे सुचत होते ते नुसते धीर देणारे होते आणि तसले काही तुला लिहायला माझे मन धजेना. म्हणून काल सकाळी गाडी काढली आणि बेंटोनियाला जाऊन आलो.

बेंटोनिया हे इथून पाऊण तासाच्या आत येणारे, काहीशे वस्तीचे गाव आहे. तिथे रेल्वेच्या रुळांसमोर एक बसकी, साधी इमारत आहे, ती म्हणजे ब्लू फ्रंट कॅफे. केरी आणि मेरी होम्स या दांपत्याने १९४८ साली हा कॅफे सुरू केला, तेव्हा त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या कापसाच्या शेतांवर राबणारी कृष्णवर्णीय माणसे. वेचणीच्या हंगामात तो रात्रंदिवस उघडा असे. १९७० साली कॅफे त्यांचा मुलगा जिमी 'डक' होम्स यांच्याकडे आला आणि तेव्हापासून गल्ला आणि गिटार ही दोन्ही त्यांनी एकाच छपराखाली सांभाळली आहेत. १९७२ पासून गावात ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या त्या उदास गाण्यांचा, महोत्सव भरतो, त्यामागेही हेच घर आहे. त्यांचा पहिला अल्बम मात्र आला २००६ साली, साठी जवळ आल्यावर. तुझे वय बेचाळीस आहे, हे मी मुद्दाम लिहितो.

काल होम्स यांनी गिटार मांडीवर घेतली तेव्हा मी चार हातांवर बसलो होतो. अंगठा खर्जाच्या तारेवर एकाच लयीत पडत होता, बोटे वरच्या तारांवर फार थोडे काही करत होती, आणि त्या थोड्यातच सगळी उदासी भरलेली होती. त्यांची जुळणी, म्हणजे तारा कोणत्या स्वरांत लावल्या आहेत ते, मी नीट पाहून घेतली. नेहमीच्या जुळणीतल्या पाचव्या आणि चौथ्या तारा एकेक स्वर वर चढवल्या की उघड्या सहा तारा खालून वर सा, प, सा, कोमल गंधार, प, सा अशा लागतात. तुझ्या आजीच्या तानपुऱ्याशेजारी बसून आपण सूर लावायला शिकलो, त्यामुळे ही जुळणी कानावर पडली की परके काही ऐकतो आहोत असे मला वाटतच नाही.

ही जुळणी तिथे हातोहात आली आहे. हेन्री स्टकी यांच्याकडून ती स्किप जेम्स यांच्याकडे गेली आणि जॅक ओवेन्स यांनी ती होम्स यांना समोर बसवून, नुसते पाहायला लावून दिली. यांपैकी स्टकी यांचे एकही ध्वनिमुद्रण नाही. स्किप जेम्स यांनी १९३१ साली विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला जाऊन पॅरामाउंट कंपनीसाठी गाणी ध्वनिमुद्रित केली, पण तेव्हा महामंदीने लोकांच्या खिशात पैसा उरलेला नव्हता. तबकड्या खपल्या नाहीत आणि ते ब्लूज सोडून चर्चकडे वळले. १९६४ साली काही तरुण चाहत्यांनी त्यांना ट्यूनिकाच्या इस्पितळात शोधून काढले आणि त्याच वर्षी ते न्यूपोर्टच्या महोत्सवात गायले. पुढे क्रीम या इंग्लिश बँडने त्यांचे एक गाणे वाजवले, आणि आजारपणात त्यांच्या हाती जो काही पैसा आला त्यात त्या गाण्याच्या हक्काचा पैसा होता. ही हकिगत वाचली की मला तुझी ती वही आठवते, जिच्यातल्या एकाही गाण्याची तू अजून कुठे नोंद केलेली नाहीस. गाणी रचणाऱ्यांच्या हक्काचे पैसे गोळा करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा सभासद हो, असे मी तुला तिसऱ्यांदा सांगतो आहे. या वेळी टाळू नकोस.

आता दुसऱ्या माणसाबद्दल लिहितो, कारण तुझा स्वभाव होम्स यांच्यापेक्षा त्याच्या जवळचा आहे. बॉबी रश यांचा जन्म १९३३ सालचा, लुइझियानातला. वडील धर्मोपदेशक. पोरवयात खोटी मिशी लावून दारूच्या गुत्त्यांत वाजवणारा हा मुलगा शिकागोला गेला, १९७१ साली त्याचे एक गाणे गाजले, आणि पुढे ऐंशीच्या दशकात त्याने या आमच्या जॅक्सनमध्ये बिऱ्हाड केले. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांच्या छोट्या नाट्यगृहांची आणि क्लबांची जी साखळी आहे, तिच्यावर ते बस, वादक आणि नर्तकी घेऊन वर्षानुवर्षे फिरले. तुला समजावून सांगायचे तर तमाशाचा फडमालकच तो! नारायणगावला राहुट्यांत बसून गावोगावच्या सुपाऱ्या ठरवणाऱ्या, गाडी बंद पडली तर दुरुस्तीचे पैसे उभे करणाऱ्या आणि रात्री पुन्हा बोर्डावर उभ्या राहणाऱ्या माणसाचे आयुष्य आणि रश यांचे आयुष्य यांत मला फारसा फरक दिसत नाही. २००१ साली त्यांच्या बसला फ्लोरिडात अपघात झाला, ताफ्यातल्या एकीचा जीव गेला. त्यानंतरही ते रस्त्यावर परतले, आणि २००३ साली त्यांनी डीप रश हे स्वतःचे लेबल, म्हणजे ध्वनिमुद्रणे काढणारी कंपनी, सुरू केले. पहिले ग्रॅमी मिळाले तेव्हा ते त्र्याऐंशी वर्षांचे होते.

पण मला सांगायचे आहे ते २०२० सालाबद्दल. त्या मार्चमध्ये पाडव्याच्याच दिवशी आपल्याकडे टाळेबंदी लागली आणि तमाशाचा सगळा हंगाम बुडाला. तू त्या दिवशी फोनवर किती वेळ गप्प होतास, ते मी विसरलेलो नाही. इथेही सगळे मंच बंद होते. त्या वर्षी रश यांनी स्वतःच्या लेबलवरून जो अल्बम काढला, त्यात बँड नाही, नर्तकी नाहीत. गिटार, माउथ ऑर्गन, ताल धरणारा पाय आणि त्यांचा आवाज, एवढेच आहे. त्यात स्किप जेम्स यांचेही एक गाणे आहे. पुढच्या वर्षीच्या ग्रॅमीसाठी पारंपरिक ब्लूज विभागात नामांकने झाली, तेव्हा त्या पाच नावांत रश होते आणि बेंटोनियाचे होम्सही होते. ग्रॅमी रश यांना मिळाले. जन्मभर वणवण केलेला एक आणि गाव न सोडलेला दुसरा, असे हे दोघे एकाच यादीत आले, याचा मला त्या वेळी जो आनंद झाला तो तुझ्याशिवाय कोणाला कळला नसता. बक्षिसाचे मला फार कौतुक नाही, पण सगळे मंच बंद असताना या माणसाने एकट्याने केलेले काम लोकांपुढे आणले, ते मला मोलाचे वाटते.

इंटरनेटवर गाणी टाकून काही हाती लागत नाही, ही तुझी तक्रार खरी आहे. स्पॉटिफायवर वर्षात हजारापेक्षा कमी वेळा ऐकले गेलेले गाणे २०२४ पासून त्याच्या ध्वनिमुद्रणापोटी काहीच मिळवत नाही. गाणी थेट ऐकणाऱ्याला विकता येतात ते बँडकॅम्प हे संकेतस्थळ त्यातल्या त्यात बरे. ते डिजिटल विक्रीतून साधारण १५ टक्के ठेवून घेते, आणि टाळेबंदीत ठरावीक शुक्रवारी तेही सोडून देत असे. पण तेसुद्धा २०२२ ते २०२३ या दोन वर्षांत दोनदा विकले गेले. गाणी तिथे जरूर ठेव, घरदार मात्र त्यांच्या भरवशावर ठेवू नकोस.

म्हणून नोकरीबद्दल माझे मत असे आहे, की ती धर, आणि धरताना मान खाली घालू नकोस. होम्स यांनी पन्नास वर्षे गल्ला सांभाळला म्हणून त्यांचा अंगठा तारेवर कमी खरा पडत नाही. परंतु शुक्रवार सोडू नकोस. तुझ्या वडिलांचा कसब्यातला छापखाना किती वर्षे बंद आहे? ते जुने यंत्र भिंतीला सरकवले तर तीस खुर्च्या सहज बसतील, चहा वहिनींच्या हातचा आणि दाराशी एक डबा. २०११ साली मेहबूब स्टुडिओत ब्लूज गिटारवादक बडी गाय यांना ऐकून परतताना, आपलीही एक जागा असावी, असे दादर येईपर्यंत तूच बोलत होतास. ती जागा तुझ्याकडे आहे, तिच्या किल्ल्या तुझ्या घरात खुंटीला आहेत, आणि तिथली बिदागी कोणी हॉटेलवाला बुडवू शकत नाही.

तुझे 'पाणी गेलं धरणात' मी काल परतताना गाडीत तीनदा लावले. तीच ओळ दोनदा म्हणून तिसरीत तू जे उत्तर देतोस, ते आता मला या जुळणीत ऐकायचे आहे. तुझ्या गिटारीची मान जुनी आहे, तिला तारा वर चढवण्याचा ताण देऊ नकोस. पाचवी आणि चौथी आहेत तशाच ठेव, आणि सहावी, तिसरी, दुसरी व पहिली एकेक स्वर खाली उतरव; जुळणी तीच लागेल, फक्त एक स्वर खाली, आणि तुझ्या आवाजाला ती अधिक मानवेल. इथल्या शेजारणीची मुलगी बारा तारखेला पुण्याला येते आहे, तिच्याबरोबर तारांचे दोन संच पाठवतो. सहावी तार मुद्दाम जाड घेतली आहे, म्हणजे उतरवल्यावर ती ढिली पडून खडखडणार नाही.

वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद.

तुझाच,
जिवाभावाचा मित्र