बाबांच्या प्रश्नाचे उत्तर

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी कॉलेजपासून जी इंग्रजी गाणी ऐकते, त्यांत ऐकण्यासारखे आहे तरी काय, असे बाबांनी फोनवर विचारले होते. त्याचे उत्तर सवडीने द्यावे, म्हणून हे पत्र. सगळे सांगत बसण्यापेक्षा एकाच अल्बमबद्दल लिहिते.

जॉय डिव्हिजन हा मँचेस्टर-सॅलफर्ड भागातला चार तरुणांचा बँड. पंक या रांगड्या, बंडखोर रॉक संगीताच्या लाटेत ते वाजवू लागले, पण तिच्यातला आवेश ठेवून आरडाओरडा त्यांनी लवकरच सोडून दिला. 'अननोन प्लेझर्स' हा त्यांचा पहिला अल्बम १९७९ च्या एप्रिलमध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला आणि जूनमध्ये निघाला.

बाबा, तुम्ही आधी बेस गिटारकडे कान द्यावा. एरवी बेस खाली राहून आधार देतो. येथे पीटर हुक वरच्या सुरांत वाजवतो आणि पुष्कळदा गाण्याची चाल तोच पुढे नेतो. सरावाच्या वेळी बर्नार्ड समनरच्या गिटारपुढे खालचे सूर त्याचे त्यालाच ऐकू येत नसत, म्हणून तो वर सरकला आणि तीच त्याची ओळख ठरली. निर्माता मार्टिन हॅनेट याने प्रत्येक वाद्य सुटे करून मधे मोकळी जागा ठेवली. स्टीफन मॉरिसच्या ड्रमचा ठोका कोरडा आणि नेमका येतो, 'इनसाइट'च्या आरंभी लिफ्टची घरघर ऐकू येते, शेवटच्या गाण्यात काच फुटते. हुक आणि समनर यांना हे मुळीच रुचले नव्हते, कारण मंचावरचा आपला जोर हॅनेटने काढून घेतला असे त्यांना वाटले. मला मात्र हॅनेटचेच पटते; भोवती एवढी जागा नसती, तर गायक इयन कर्टिसचा खर्जातला आवाज इतका एकटा वाटला नसता.

कर्टिस मॅकल्सफील्डच्या रोजगार कार्यालयात नोकरीला होता. तेथे काम शोधायला येणाऱ्या, अपस्माराचे झटके येणाऱ्या एका तरुणीवरून त्याने 'शीज लॉस्ट कंट्रोल' लिहिले. पुढे त्यालाही हाच आजार असल्याचे निदान झाले. मे १९८० मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी त्याने आयुष्य संपवले. हे ठाऊक असल्यावर ते गाणे ऐकणे जड जाते, तरी त्यात कोठेही कीव नाही, याचे मला फार मोल वाटते.

आई, तुझ्यासाठी मुखपृष्ठ. काळ्यावर पांढऱ्या लहरींच्या एकाखाली एक रेघा. बँडचे नाव नाही की अल्बमचे नाही. तो १९६७ साली जोसलिन बेल हिला केंब्रिजमध्ये सापडलेल्या पहिल्या पल्सारच्या, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओलहरींचे स्पंद धाडणाऱ्या ताऱ्याच्या, स्पंदांचा आलेख आहे, जे सुमारे १.३४ सेकंदांना एक अशा गतीने येतात. आपण खोडदला पाहिलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनाही अशाच ताऱ्यांच्या रेडिओलहरी टिपतात, त्यामुळे तुला तो आलेख वेगळा समजावून सांगायला नको.

दहाही गाण्यांचे दुवे दादाकडे पाठवले आहेत. बाबांनी ती मोबाइलवर ऐकू नयेत, बेस हरवतो. दादाला हॉलमधले स्पीकर जोडून द्यायला सांगावे.

आपली,
लेक