मुक्तास, ‘वुमन वन’ बघितल्यानंतर

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर म्हणालीस, “आई, न्यूयॉर्कच्या मोमा या कलासंग्रहालयात चित्रकार डी कूनिंगची ‘वुमन वन’ बघितली, मला तिच्यासमोर उभंच राहवेना.” मी गप्प राहिले, कारण सांगायचं खूप होतं.

मी ते चित्र फक्त छापील पाहिलंय. जे. जे.त असताना, ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकात, तळहाताएवढं. तू सहा फुटांहून उंच कॅनव्हाससमोर उभी होतीस. ते विस्फारलेले डोळे, ते दात, छातीवरून फिरलेले फटकारे. 1953 मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी जॅनिस गॅलरीत त्याची ही ‘बायकां’ची चित्रं लागली, तेव्हाही लोक बिथरले होते. काहींना राग आला तो अमूर्त चित्रकार पुन्हा माणूस काढू लागला म्हणून! त्या रागाचं आज काही उरलं नाही. बाईला असं काढल्याचा तुझा राग मात्र उरणारा आहे.

तरी एक गोष्ट ध्यानात घे. जून 1950 मध्ये त्याने हे चित्र सुरू केलं. रंग लावायचा, खरवडायचा, पुन्हा लावायचा. शेवटी कंटाळून बाजूला टाकलं. कलेतिहासकार मायर शापिरो स्टुडिओत आले, त्यांनी चौकशी केली, म्हणून ते परत बाहेर निघालं आणि 1952 मध्ये पुरं झालं. ती बाई दोन वर्षं त्याच्या हाती लागत नव्हती. मला त्या फटकाऱ्यांत द्वेषापेक्षा ती हतबलता जास्त दिसते. पण 1950 च्याच एका छोट्या अभ्यासचित्रात त्याने सिगारेटच्या जाहिरातीतलं हसरं तोंड कापून चिकटवलं होतं. तिथे मी तुझ्या बाजूची होते. ते हसू कुठल्याच बाईचं नाही, विकणाऱ्याचं आहे.

म्हणून म्हणते, एवढ्यावर थांबू नकोस. त्याची बायको इलेन त्याच काळात बसलेल्या पुरुषांची चित्रं काढत होती, आणि काहींचे चेहरे तिने पुसून टाकले होते. आणि चित्रकार ली क्रॅस्नर! 1956 च्या उन्हाळ्यात तिने ‘प्रॉफेसी’ काढलं. मांसल गुलाबी, एकमेकांत अडकलेले अवयव, वरच्या कोपऱ्यात खरवडून काढलेला एक डोळा. त्या चित्राची तिची तिलाच धास्ती वाटत होती. ते तसंच ठेवून ती युरोपला गेली आणि 11 ऑगस्टला नवरा, चित्रकार जॅक्सन पोलॉक, मोटार अपघातात गेला. परतल्यावर तिने ते झाकून ठेवलं नाही, त्याच वाटेने आणखी तीन चित्रं केली. नवरा गेलेल्या बाईने त्याच भीतीसमोर पुन्हा कॅनव्हास लावावा, हे मला फार मोठं वाटतं. हे शरीर बाहेरून बघितलेलं नाही गं, आतून कळलेलं आहे.

चित्रकार ग्रेस हार्टिगनची ‘ग्रँड स्ट्रीट ब्राइड्स’ 1954 ची, न्यूयॉर्कच्याच व्हिटनी म्युझियमच्या संग्रहात आहे. तिच्या राहत्या भागातल्या लग्नाच्या कपड्यांच्या दुकानांत, काचेमागे उभ्या असलेल्या नवऱ्या मुलींच्या पुतळ्यांवरून तिने ती काढली. पांढऱ्या झग्यांतले ते चेहरे बघून मला आपल्याकडचे साखरपुड्याचे फोटो आठवतात, सगळ्या मुली एकसारख्या अवघडलेल्या.

व्हिटनीत चित्र लागलेलं असलं तर बघ, नाहीतर ग्रँड स्ट्रीटवरून एकदा चालत जा. आणि मोमात बसून तू जे स्केच अर्धवट सोडलंस, ते फाडू नकोस. आहे तसं फोटो काढून मला पाठव.

तुझी,
आई