पर्सेंटाइल मोजलेले की तक्त्यातून काढलेले?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परीक्षांच्या निकालांच्या बातम्यांत ‘टक्के’ आणि ‘पर्सेंटाइल’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, ही चूक आता बऱ्याच वाचकांच्या ध्यानात येऊ लागली आहे. ९० टक्के म्हणजे शंभरापैकी नव्वद गुण, तर ९० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी ९० टक्के जण आपल्या मागे. पहिल्यात तुलना प्रश्नपत्रिकेशी असते, दुसऱ्यात इतर परीक्षार्थींशी. त्याविषयी अधिक लिहीत नाही. या पत्राचे कारण सहसा नजरेत न भरणारी दुसरी चूक आहे. प्राप्तांकांचे झेड-स्कोअर काढायचे आणि पाठ्यपुस्तकाच्या शेवटी छापलेल्या तक्त्यात पाहून त्यांचे पर्सेंटाइल सांगून मोकळे व्हायचे, ही रीत गुण कसेही विखुरलेले असले तरी सरसकट लावली जाते.

झेड-स्कोअरची कल्पना मुळात साधी आहे. प्राप्तांकातून सरासरी वजा करायची आणि उरलेल्या फरकाला प्रमाण विचलनाने, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत हे सांगणाऱ्या मापाने, भागायचे. समजा, एका विद्यार्थ्याला गणितात ७२ आणि भाषेत ८१ गुण मिळाले. वरवर पाहता तो भाषेत सरस वाटतो. पण गणिताची सरासरी ५४ व प्रमाण विचलन १२ असेल, आणि भाषेची सरासरी ७५ व प्रमाण विचलन ८ असेल, तर गणितातला त्याचा झेड-स्कोअर १.५ येतो आणि भाषेतला केवळ ०.७५. म्हणजे आपल्या बरोबरीच्यांच्या तुलनेत तो गणितात बराच पुढे आहे. झेड-स्कोअरला कोणतेही एकक नसल्यामुळे वेगवेगळ्या मोजपट्ट्यांवरचे आकडे अशा रीतीने शेजारी ठेवता येतात, आणि येथवर कोणाचीही हरकत असण्याचे कारण नाही.

अडचण पुढच्या पायरीवर येते. तक्ता सांगतो की झेड १.५ म्हणजे सुमारे ९३.३ पर्सेंटाइल आणि ०.७५ म्हणजे सुमारे ७७.३. हा तक्ता प्रसामान्य वितरणाचा, म्हणजे घंटेच्या आकाराच्या सममित वक्राचा आहे, आणि गुण त्या वक्राप्रमाणे विखुरलेले असतील तरच त्याचे उत्तर खरे मानता येते. झेड-स्कोअर काढले की वितरण आपोआप प्रसामान्य होते, असा समज मात्र फार पसरलेला आहे. संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांच्या तोंडूनही तो मी ऐकला आहे. वजाबाकी आणि भागाकाराने वक्राचे स्थान आणि रुंदी बदलते, त्याचा आकार बदलत नाही. एका बाजूला कललेले वितरण झेड-स्कोअर काढल्यावरही तितकेच कललेले राहते.

सोप्या प्रश्नपत्रिकेचे उदाहरण घ्यावे. सरासरी ८५, प्रमाण विचलन १० आणि पाचपैकी एकाला पैकीच्या पैकी गुण, असा निकाल अगदी शक्य आहे. शंभर गुण मिळवणाऱ्याचा झेड-स्कोअर १.५ येतो आणि तक्ता त्याला ९३.३ पर्सेंटाइल देतो. आता प्रत्यक्ष मोजून पाहू. त्याच्यापेक्षा कमी गुण असलेले ८० टक्के आहेत. त्याच्याइतके किंवा त्याहून कमी गुण असलेले १०० टक्के आहेत. आणि समान गुण असलेल्यांपैकी निम्मे मागे धरण्याची प्रथा पाळली तर आकडा ९० येतो. पर्सेंटाइलच्या या तिन्ही व्याख्या प्रचलित असून तिन्हींमागे काही ना काही तर्क आहे, पण ९३.३ हा आकडा त्यांपैकी एकीतूनही निघत नाही. प्रत्येकाचे गुण हाताशी असताना मोजणी सोडून तक्त्याकडे धावण्यात काय शहाणपण आहे, हे मला तरी उमगलेले नाही.

लहान गटांत तर हा प्रकार हास्यास्पद होतो. दहा जणांच्या गटात, नऊ जणांना शून्य आणि एकाला शंभर गुण असले तरी, त्या एकाचा झेड-स्कोअर ३ च्या पुढे जाऊच शकत नाही. तेथे दोन दशांश स्थळांपर्यंतचे पर्सेंटाइल सांगणे म्हणजे अचूकतेचा केवळ आव आणणे होय.

उलट बाजूची चूकही सांगितली पाहिजे. पर्सेंटाइल हे क्रमाचे माप आहे, अंतराचे नव्हे. गुण खरोखर प्रसामान्य असले आणि प्रमाण विचलन १२ असले, तर ५० वरून ६० पर्सेंटाइलवर जायला सुमारे ३ गुण पुरतात, पण ८९ वरून ९९ वर जायला सुमारे १३ गुण जास्त मिळवावे लागतात. मधल्या गर्दीत एका गुणाने अनेक जण मागे पडतात, टोकाला माणसेच विरळ असतात. म्हणूनच दोन विषयांच्या पर्सेंटाइलची बेरीज करून सरासरी काढणे योग्य नाही. सरासरी काढायचीच असेल तर ती झेड-स्कोअरची काढावी. आणि तीही पुन्हा तक्त्यात पाहू नये, कारण तक्ता प्रमाण विचलन १ धरून केलेला असतो, तर दोन झेड-स्कोअरच्या सरासरीचे प्रमाण विचलन सहसा १ पेक्षा कमी असते.

जेथे चुकीची किंमत मोठी असते तेथे ही काळजी घेतलेली दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली जाहीर केलेल्या बालवाढीच्या मानकांत वजनाचे वितरण एका बाजूला कललेले असल्याचे गृहीत धरून, तो कल दुरुस्त करणाऱ्या सूत्राने झेड-स्कोअर काढला जातो. त्यामुळे तेथे झेड वरून पर्सेंटाइलकडे जाणे समर्थनीय ठरते. अर्थात तेथेही एक बारकावा आहे. उणे २ हा झेड-स्कोअर आणि तिसरा पर्सेंटाइल या दोन सीमा बोलताना एकच मानल्या जातात, पण उणे २ म्हणजे सुमारे २.३ पर्सेंटाइल, आणि तिसरा पर्सेंटाइल उणे १.८८ च्या आसपास येतो.

आपल्या दैनिकाला माझी विनंती एवढीच आहे की, निकालाच्या बातमीत पर्सेंटाइल छापताना परीक्षार्थींची संख्या, सरासरी आणि प्रमाण विचलन हे तीन आकडे मिळवून सोबत द्यावेत, आणि पर्सेंटाइल मोजून काढले आहे की तक्त्यातून, हे एका वाक्यात नमूद करावे. ही माहिती द्यायला परीक्षा घेणारी यंत्रणा तयार नसेल, तर तसेही छापावे.

आपला विश्वासू,
संख्याशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक