नगररचना शिकणाऱ्या ताईंना वस्तीकडून पत्र

प्रिय ताई,

वस्तीचा नकाशा पूर्ण झाला. त्याबद्दल मनापासून आभार. तुम्ही नुसती छपरं मोजून थांबला नाहीत, याचे तर विशेष आभार.

उपग्रहाच्या चित्रात एकाला एक लागलेले पत्रे एकच घर वाटतात आणि पोटमाळ्यावर वेगळी चूल मांडलेलं कुटुंब दिसतच नाही. अशा चित्रावरून यादी केली की पुनर्वसनातून भाडेकरू आणि पोटमाळ्यावरची माणसं हमखास सुटतात. तुम्ही आधी दारांना क्रमांक दिले, मग प्रत्येक दाराआडच्या चुली मोजल्या: १४, १४अ, १४आ. कुलूप असलेल्या दारापुढे ‘रिकामं’ न लिहिता ‘बंद’ लिहिलं आणि संध्याकाळी, मग सुट्टीच्या दिवशी पुन्हा कडी वाजवली. कामावर गेलेल्या माणसाचं घर त्या एका चुकीच्या शब्दानं यादीतून उडतं.

गल्ल्या टेपनंच मोजायच्या हा तुमचा आग्रह बरोबर होता. मोबाइलचा जीपीएस मोकळ्या मैदानातही पाचेक मीटर चुकू शकतो. दीड मीटरच्या गल्लीत त्याचा काय उपयोग? शिवाय रुंदी पायऱ्या आणि पाण्याची पिंपं वगळून उरलेल्या मोकळ्या वाटेची, सगळ्यात अरुंद जागी घेतली. स्ट्रेचर अडतं ते तिथेच.

गटाराचा उतार गवंड्यांच्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं काढला. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी फसवी येते, म्हणून प्रत्येक मापाआधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी जुळवायचं. १० मीटरला १० सेंटीमीटर उतार हवा होता, तर एका टप्प्यात तो उलटाच निघाला. पाणी तुंबायचं ते कचऱ्यामुळे, असं सगळे धरून चालले होते.

शौचालयाचा ओटा ३० सेंटीमीटर उंच ठरला, तेव्हा चाकाच्या खुर्चीच्या रॅम्पसाठी १ ला १२ या उतारानं (१ सेंटीमीटर उंचीला १२ सेंटीमीटर लांबी) ३.६ मीटरची जागा तुम्ही लगेच आखून ठेवली. बांधकाम झाल्यावर तेवढी जागा कुणी देत नाही.

आणखी एक. नावांची यादी तुम्ही समितीच्या हवाली केली आणि प्रबंधासाठी फक्त आकडे नेलेत. घर पाडायला येणाऱ्याच्या हाती तीच यादी पडली तर काय होईल, हे तुम्हाला सांगावं लागलं नाही.

नळी आता वस्तीतल्या मुलींना वापरता येते. पावसाच्या आधी त्या उलट्या टप्प्याचं माप पुन्हा घेऊन तुम्हाला कळवतो.

आपले,
वस्ती समितीचे सदस्य