कांदेवाल्यांची फ्रेंच संध्याकाळ

सॉमरसेट, इंग्लंड
रविवार, १४ जुलै २०२४

ती. आप्पा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

उद्या कांदेनवमी. आई, तुझी भजी डोळ्यांपुढे येताहेत. आमची कांदेनवमी मात्र कालच झाली, तीही फ्रेंच!

इथल्या गावच्या सोशल क्लबबद्दल मागे लिहिलं होतं. आपल्या समाजमंदिरासारखा हॉल, वर्गणी भरणारे सभासद, बहुतेक साठीपुढचे. १७८९ साली आजच्या तारखेला पॅरिसच्या लोकांनी बास्तीयचा तुरुंग फोडला, म्हणून फ्रेंचांचा हा राष्ट्रीय दिवस. त्या निमित्ताने काल 'फ्रेंच संध्याकाळ' होती, आणि अख्ख्या हॉलमध्ये फ्रेंच माणूस एकही नव्हता. आत निळ्या-पांढऱ्या-लाल पताका, बाहेर घरोघरी इंग्लंडचे झेंडे, कारण आज रात्री युरो कपची फायनल आहे. फ्रान्सला स्पेनने मंगळवारीच हरवलं, त्यामुळे सगळ्यांना फ्रेंचांबद्दल एकदम माया आली होती.

मी लासलगावकडची म्हटल्यावर कांद्याचं सूप माझ्याच गळ्यात पडलं. आठ किलो कांदे चिरले, तेही सुरीने. विळी असती तर अर्ध्या वेळात झाले असते. मग लोण्यात, मंद आचेवर, तासभर परतायचे. आपण वाटणाचा कांदा भाजतो त्याच्याही पुढे, गुळासारखा रंग येईपर्यंत. मी घाईने गॅस मोठा केला तर शेजारच्या आजींनी मुकाट्याने परत बारीक केला. वर भाजलेला पाव आणि चीज. चव गोडसर, चांगली. पण पातेल्यासमोर उभी असताना चमचाभर काळा मसाला टाकायला हात शिवशिवत होता, खोटं कशाला बोलू.

आप्पा, आता तुमच्यासाठीची गोष्ट. फ्रेंच माणूस म्हणून जो तो पट्ट्यापट्ट्यांचा बनियन, डोक्यावर चपटी लोकरी टोपी आणि गळ्यात कांद्याची माळ घालून आला होता. मला वाटलं, थट्टा असेल. आजींनी सांगितलं, त्यांच्या लहानपणी असा माणूस खरंच दारावर यायचा. फ्रान्सच्या ब्रिटनी भागात रोस्कॉफ म्हणून बंदर आहे, तिथले हे शेतकरी. १८२८ पासून कांदा काढला की जुलैत जहाजात भरायचे, समुद्र ओलांडायचे आणि आधी पायी, पुढे सायकल आल्यावर तिच्या हँडलला माळा लटकवून दारोदार विकायचे. इंग्रज त्यांना 'अनियन जॉनी' म्हणत. पुष्कळांना फ्रेंचपेक्षा त्यांची ब्रेटन बोलीच जवळची. म्हणजे इंग्रजांच्या डोळ्यांपुढचा फ्रेंच माणूस कोण, तर कांदा विकायला आलेला शेतकरी! ना बाजार समिती, ना लिलाव, भाव थेट गिऱ्हाइकाशी. अर्थात फुकट काहीच नव्हतं. १९०५ च्या नोव्हेंबरात हंगाम संपवून घरी निघालेले कितीतरी जण सेंट मालोजवळ 'हिल्डा' बोट फुटून बुडाले. तुमचा कांदा डिसेंबर ते मे निर्यातबंदीत अडकला होता, म्हणून हे सगळं ऐकताना सारखी तुमचीच आठवण येत होती.

हॉलसाठीची मोठी माळही मीच केली. तिथेच फजिती झाली. दुकानातल्या कांद्यांना मानच ठेवलेली नसते, मग वेणी घालणार कशाची? सुतळीने कसेबसे बांधले. ऐन गाण्याच्या वेळी गाठ सुटली आणि कांदे टपाटप पडून टेबलांखाली गडगडत गेले. सत्तरीचे सभासद गुडघ्यांवर बसून कांदे गोळा करताहेत आणि पियानोवाल्या बाई थांबायला तयार नाहीत!

मागच्या खडीवर पेटांकही झालं. लोखंडी गोळे लाकडी चेंडूजवळ टाकायचे, त्या चेंडूला फ्रेंचमध्ये 'डुकराचं पिल्लू' म्हणतात. आपल्या गोट्याच त्या, फक्त वजनदार. लहानपणी गोट्यांत पैज मारणारे तुमचे जावई पहिल्याच फेरीत बाद झाले.

हे पत्र पोचेपर्यंत चातुर्मास लागला असेल, म्हणजे आईचं कांदा-लसूण बंद. आप्पा, चाळीतला उन्हाळ कांदा किती टिकलाय? पावसाने सड लागली असेल तर भावाची वाट न बघता थोडा काढून टाका. आणि पुढच्या वर्षी चार-पाच किलो मानेसकट वाळवून ठेवाल का? येईन तेव्हा वेणी घालायला शिकवा. क्लबच्या सेक्रेटरींनी पुढच्या माळेचं आत्ताच सांगून ठेवलंय.

तुमची,
बेबी