अण्णा, तुम्ही हात धुतलात त्याबद्दल

गोकाकच्या अण्णांना बेळगावहून नमस्कार.

फोनवर तुम्हाला दोनदा थँक्यू म्हणून झालं. दोन्ही वेळा तुम्ही 'इरली बिडो', म्हणजे असू दे रे, म्हणत पावसापाण्याची चौकशी सुरू केलीत. म्हणून आता चारचौघांत लिहितोय. इथं तुम्हाला विषय बदलता यायचा नाही.

आधी बातमी. बेंगळुरूत पोकेमॉनच्या पत्त्यांच्या स्पर्धेत पाच फेऱ्या झाल्या, तीन जिंकलो, दोन हरलो. बक्षीसबिक्षीस काही नाही. रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर डेकची, म्हणजे माझ्या पत्त्यांच्या गड्डीची, डबी उशाशी घेऊन पडलो, पण झोप काही येईना. तीन म्हणजे काय मोठं, असं कुणी म्हणेल. त्याआधीच्या स्पर्धेत मी पाचच्या पाच हरलो होतो, ते तुम्हाला माहीत आहे आणि मला.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ म्हणजे जत्रेत मिळणारी सोनेरी कार्डं नव्हेत. ६० कार्डांचा डेक ज्यानं त्यानं घरून बांधून न्यायचा. एका नावाची फार तर ४ कार्डं, फक्त साध्या एनर्जीला, म्हणजे हल्ल्यासाठी पोकेमॉनला लावायच्या इंधनाच्या कार्डांना, ही मर्यादा नाही. सुरुवातीला ७ हातात घ्यायची, ६ बक्षिसाची म्हणून न बघता पालथी बाजूला ठेवायची. समोरच्याचा पोकेमॉन पाडला की त्यातलं उचलायचं, सहाही उचलली की जिंकलात. बाकीचे नियम इथं सांगत बसत नाही. एवढंच, की निम्मा खेळ ही ६० कार्डं निवडतानाच होऊन जातो, आणि मला नेमकं तेच येत नव्हतं.

त्या पाच पराभवांपेक्षा जिव्हारी लागलं ते दुसरंच. तिसऱ्या फेरीत समोरच्यानं माझं रेअर कँडी हे कार्ड दोन बोटांत धरून ट्यूबलाइटकडं केलं. उजेड आरपार आला. अस्सल कार्डाच्या पोटात एक काळपट थर असतो, त्यातून उजेड असा येत नाही, हे मला तिथं कळलं. त्यानं ते शेजारच्याला दाखवलं, दोघं हसले, आणि कार्ड टेबलावर टाकलं. ठेवलं नाही, टाकलं. पंचांनी माझी चारही रेअर कँडी काढायला लावली. त्यांचं काही चुकलं नाही, नियम नियम आहे. पण मी ती पैसे मोजून घेतली होती हो. विकणाऱ्यानं पैसे मिळेपर्यंत 'भाई भाई' केलं आणि नंतर नंबर ब्लॉक केला.

घरी येऊन एका मोठ्या शहरातल्या ग्रुपवर माझी सगळी यादी टाकली. काय चुकतंय, एवढंच विचारलं होतं. एकानं हसणारी तीन तोंडं पाठवली. दुसऱ्यानं कुठल्याशा विजेत्याची यादी चिकटवली, 'हे बनव, विषय संपला'. तिसऱ्यानं विचारलं, बेळगावात वीज असते का? उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर आठ तास उभा राहणाऱ्या माणसाला हे विचारतात! सोडा.

मग तुमचा मेसेज आला. 'रविवारी येतो. कार्ड सगळे घेऊन ये, खराबपण.' बस्स, इतकाच.

दुसऱ्या गेटजवळच्या त्या चहाच्या हॉटेलात कोपऱ्यातल्या टेबलावर आपण बसलो. तुम्ही पिशवीतून करदंटचा पुडा काढलात, आधी मला दिलंत, मग स्वतः घेतलंत. गूळ आणि तूप बोटांना चिकटलेलं. मी डबी उघडून कार्डं तुमच्यापुढं सरकवली आणि मनात म्हटलं, आता हसणार. तुम्ही हातच लावला नाही. 'थांब हं' म्हणत उठलात, मागच्या नळावर गेलात आणि साबण लावून मनगटापर्यंत हात धुतलेत. परत येऊन खिशातला घडीचा रुमाल काढलात आणि एकेक बोट पुसलंत, अगदी अंगठ्याच्या बेचक्यापर्यंत. मग टेबलावरचं चहाचं वर्तुळ त्याच रुमालानं टिपलंत. आणि मग म्हणालात, 'हां, आता दाखीव.'

अण्णा, त्या कार्डांत निम्मी दहा-वीस रुपयांची होती. काही तर नकलीच होती आणि ते तुम्हाला लांबूनच दिसलं असणार. तरी तुम्ही हात धुतलेत. बाकी तुम्ही जे काही शिकवलंत ते माझ्या कामाला आलं, आणखी कुणी सांगितलं असतं तर त्याच्याकडूनही शिकलो असतो कदाचित. पण त्या नळाच्या आवाजाला मी काय म्हणू? घशात काहीतरी आलं आणि मी उगाच वेटरला पाणी आणायला सांगितलं, आठवतंय? पाणी समोरच होतं.

नंतरचे तीन तास म्हणजे एकच शब्द. याके? एकेका कार्डावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, याके? का आहे हे इथं? उत्तर नसलं की कार्ड डाव्या बाजूला. मी म्हणायचो, भारी आहे म्हणून. डाव्या बाजूला. जवळ होतं म्हणून. डाव्या बाजूला. तासाभरात डावीकडं ढीग आणि उजवीकडं वीसेक कार्डं, असं झालं.

माझ्या डेकमध्ये १८ फायर एनर्जी होत्या. मला वाटायचं, आगीचा पोकेमॉन आहे, आग भरपूर पाहिजे. तुम्ही २०२३ च्या ऑब्सिडियन फ्लेम्स संचातला माझा चारिझार्ड ईएक्स पुढं ओढलात आणि त्यावरचं मलाच वाचायला लावलंत. हातातून खाली उतरवून लहान पोकेमॉनवर ठेवला, म्हणजे उत्क्रांत केला, की डेकमधून ३ एनर्जी शोधून लावता येतात. 'डेकमधून म्हणतोय तो. तुझ्या तर हातात येऊन बसल्यात. हातातल्या कशा ओढणार तो?' दोनदा तीन-तीन ओढल्या तर सहा, वर एखादी. १८ च्या ७ झाल्या आणि एका झटक्यात ११ जागा रिकाम्या. वर्षभर मी स्वतःचाच हात एनर्जीनं बुजवत होतो.

त्याच्या हल्ल्याचं गणितही तुम्हीच नीट उकललंत. मूळ १८०, आणि समोरच्यानं जितकी बक्षीसकार्डं उचलली तितके ३०-३० वर. म्हणजे समोरचा पुढं गेला की आपला फटका वाढतो. मी मात्र पहिलं बक्षीस गेलं की घाबरून काहीही खेळत सुटायचो.

सगळ्यात डोक्यात बसलं ते एकट्या कार्डाचं. माझ्याकडं चारिझार्ड ईएक्स एकच होता, महाग म्हणून. तुम्ही रुमालाच्या कडेनं टेबलावर आकडे काढलेत. ६० मधली ६ बक्षिसात, म्हणजे एकुलतं एक कार्ड दहातल्या एका डावात सुरुवातीलाच कुलपात. दोन ठेवली तर दोन्ही अडकायची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. आणि वर सांगितलंत की चमकणारी छपाई घ्यायची काही गरज नाही, त्याच कार्डाची साधी छपाई तेवढंच मारते. हे मला इतक्या विकणाऱ्यांपैकी एकानंही सांगितलं नव्हतं. कसं सांगतील?

जी कार्डं नव्हती त्यांच्या जागी तुम्ही तुमच्या बसच्या तिकिटाचे तुकडे केलेत आणि मागं कन्नडमध्ये नावं लिहून स्लीव्हमध्ये, म्हणजे कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, सारलीत. 'आधी कागदावर खेळ. पटलं तर पैसे घाल.' रेअर कँडीचा तुकडा अजून माझ्या पाकिटात आहे. अक्षर फिकं पडत चाललंय.

वहीचंही सांगायला पाहिजे. हरल्यावर कुणी हरवलं ते लिहू नको, हातात काय अडकून राहिलं ते लिही, असं म्हणालात. आणि दहा डाव झाल्याशिवाय एकही कार्ड बदलायचं नाही, बदललं तर एकच. हे ऐकून मला हसू आलं, कारण मशीनवर मी नव्या पोरांना हेच सांगतो. जॉब मापाबाहेर गेला तर एकच ऑफसेट, म्हणजे मशीनमधली मापाची दुरुस्ती, हलव, तीन एकदम हलवलेस तर कशानं सुधारलं ते कळणार नाही. कारखान्यात मला हे येत होतं आणि कार्डांपुढं बसलो की विसरत होतो.

वहीत पहिल्या तीस डावांत सारखं एकच दिसायला लागलं. हातात चारिझार्ड, हातात मधला टप्पा गाळून चारमँडरचा थेट चारिझार्ड करणारी रेअर कँडी, आणि माझ्या बाकावर, म्हणजे टेबलावरच्या राखीव पोकेमॉनच्या रांगेत, चारमँडरच नाही. ज्या पाळीत चारमँडर उतरवला त्याच पाळीत रेअर कँडी त्यावर चालत नाही, त्यामुळं पहिल्याच पाळीत तो खाली यायला हवा. एक भारीतला पोकेमॉन काढला, बडी-बडी पॉफिन वाढवलं. ७० किंवा त्याहून कमी मार झेलणारे दोन लहान पोकेमॉन ते कार्ड डेकमधून एकदम बाकावर आणतं, आणि चारमँडर बरोबर ७० चा. शोभेचं काहीच नाही त्या कार्डात. बेंगळुरूतल्या तीनपैकी दोन विजय त्याचे आहेत.

आमच्या भागात दुकानाच्या पाटीवरच्या अक्षरांवरून माणसं हमरीतुमरीवर येतात, हे काय तुम्हाला सांगायला नको. तुम्ही कन्नड, मी मराठी, आणि त्या टेबलावर निम्मं निम्मं काहीतरी बोललो, ज्याला दोन्हीकडचे मास्तर नापास करतील. तुम्ही एकदाही माझी भाषा विचारली नाही, पगार विचारला नाही, या वयात हे काय खेळतोस म्हणाला नाहीत. जाताना चहाचे पैसेसुद्धा द्यायला निघालात, ते तेवढे मी देऊ दिले नाहीत. अशी माणसं असतात आणि ती रविवारी बसनं येतात, हे मला उशिरा कळलं. त्या ग्रुपवरच्या हुशार लोकांना माझ्यापेक्षा दहापट खेळ येतो, मान्य. त्यांच्याबरोबर चहा प्यायची मात्र इच्छा होत नाही.

बेंगळुरूत एक गंमत झाली. चौथ्या फेरीआधी समोरचा पोरगा वडापाव खाऊन आला, बोटं शर्टाला पुसली आणि माझा डेक कापायला हात पुढं केला. मी म्हटलं, एक मिनिट, हात धुऊन ये की. तो चक्क गेला आणि धुऊन आला. त्याच्याकडूनच हरलो. पण हरताना वाईट वाटलं नाही.

आता कामाचं. ५९ कार्डं ठरलीत. साठाव्या जागेवर अडलोय. दोघांच्याही हातातली कार्डं बदलायला लावणारा चौथा आयोनो ठेवू, की समोरच्याचा बाकावरचा पोकेमॉन पुढं ओढणारी दुसरी बॉसेस ऑर्डर्स? आयोनो ठेवून दहा डाव झाले, सहा जिंकले. ऑर्डर्स घालून सातच झालेत, त्यामुळं अजून काही बोलत नाही. उरलेले तीन तुमच्याबरोबर खेळायचे म्हणून ठेवलेत. रविवारी माझी सुट्टी आहे, या वेळी गोकाकला मी येतो. कुंदा घेऊन येतो, रुमालही माझा आणतो. फक्त नळ कुठं आहे तेवढं आधी सांगून ठेवा.

तुमचा,
उद्यमबागेतला पोरगा